ओव्हरक्लॉक केला थंडीत, कळला उन्हाळ्यात

आधीच सांगते, मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर वगैरे नाही. सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशोब बघते आणि रात्री जेवणं झाली की युरो ट्रक सिम्युलेटर २ (ईटीएस२) या गाडी चालवायच्या गेममध्ये लालपरीचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेली जोडफाईल, टाकून एसटी चालवते, एवढाच माझा गेमिंगशी संबंध. प्रोसेसर निवडण्यापासून तो ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, स्थिर होईपर्यंत मला ऑक्टोबर ते एप्रिल असे सहा-सात महिने लागले, त्यात एकदा वाटलं अकरा हजार पाण्यात गेले, एकदा मार्च एंडची फाईल खराब झाली, आणि हे सगळं व्हिडिओ बघून पंधरा मिनिटांचं काम वाटलं होतं. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय, कुणी याच वाटेनं निघालं असेल तर निदान कुठे ठेच लागते ते कळेल.

जुना पीसी इंटेलच्या आय३-३२२० प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, वर जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. २०१९ च्या पुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा आम्ही कपडे-भांडी सोडून हा डबा आधी माळ्यावर चढवला होता, त्यामुळं त्याच्यावर जीव होता. पण गेममध्ये मोठं शहर आलं की २४ एफपीएस, म्हणजे सेकंदाला चोवीसच चित्रं, आणि गंमत म्हणजे सेटिंग कमी केली तरी २४ च. तिथंच पहिल्यांदा कळलं की अडतंय ते ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसर. ही खूण लक्षात ठेवा, रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स कमी करूनही एफपीएस वाढत नसेल तर नवीन कार्ड घेऊन काही उपयोग नाही. ईटीएस२ हा २०१२ चा गेम, बहुतेक ओझं प्रोसेसरच्या एक-दोन कोअरवरच, म्हणजे आतल्या काम करणाऱ्या हातांवरच, टाकतो, म्हणजे सोळा कोअर घेतले तरी चौदा हात बांधून बसणार. मला हवा होता एक-एक कोअर वेगवान असलेला आणि जमलं तर अजून थोडा ताणता येणारा प्रोसेसर. बजेट एकूण साठ हजार, दिवाळी बोनस धरून.

ऑक्टोबर २०२४ पूर्ण निवडण्यातच गेला. इंटेलचं गणित असं की ज्याच्या नावात के आहे त्याचाच गुणक मोकळा असतो, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला कितीने गुणायचं ते आपण बदलू शकतो, आणि त्यासाठी मदरबोर्डही झेड मालिकेचाच लागतो. बी६६०, बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो पण प्रोसेसरचा गुणक नाही. १२६००के मनात भरला होता, सहा मोठे कोअर आणि चार छोटे, पण झेड६९० बोर्डची किंमत ऐकल्यावर विषय संपला. १२४००एफ स्वस्त आणि चांगला, पण कुलूपबंद. तेराव्या-चौदाव्या पिढीकडे बघायची हिंमत झाली नाही कारण ते जास्त व्होल्टेजमुळं प्रोसेसर खराब होण्याचं प्रकरण तेव्हा ताजं होतं, ऑगस्टमध्ये त्यावर उपाय म्हणून एक मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) आला, सप्टेंबरमध्ये दुसरा, इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कदाचित तोवर सगळं सुरळीत झालं असेल, पण जी गोष्ट मी स्वतःच ताणणार आहे ती आधीच आजारी नसावी एवढंच म्हणणं.

एएमडी या दुसऱ्या कंपनीकडे उलटं. तिथं बहुतेक डेस्कटॉप रायझन प्रोसेसरचा गुणक मोकळाच असतो, पण बोर्ड ए३२० किंवा ए५२० असेल तर काही करता येत नाही, बी४५०, बी५५० वगैरे पाहिजे. आणि एक्स३डी वाले वेगळे. ५७००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, माझ्यासारख्या सिम्युलेटरवाल्यांना ती सोन्यासारखी, पण कॅश चिपच्या डोक्यावर रचलेली असल्यानं व्होल्टेज आणि उष्णता सोसत नाही म्हणून गुणकाला कुलूप. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरात, ९८००एक्स३डी आला, त्यात कॅश खाली सरकवली आणि गुणक उघडा केला, पण ती किंमत माझ्या गावची नव्हे. रायझन ५ ७६०० घ्यायचा तर नव्या पिढीचा बोर्ड, डीडीआर५ रॅम, बजेट दहा-बारा हजारांनी वर. शेवटी ठरला रायझन ५ ५६००. एप्रिल २०२२ चा, सहा कोअर बारा थ्रेड, ३२ एमबी कॅश, कंपनी सांगते ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ६५ वॉटचा, आणि डब्यात कूलर फुकट. एक सांगून ठेवते, त्यात डिस्प्ले चालवणारं ग्राफिक्स आतमध्ये नाही, कार्ड नसेल तर स्क्रीन काळाच.

शनिवारी ९ नोव्हेंबरला गणपती पेठेच्या बाजूला एका दुकानात कोटेशन काढायला गेले. दुकानदार म्हणाले, "मॅडम, गेमिंग पीसी कुणासाठी? भावासाठी का?" म्हटलं माझ्यासाठी. मग जरा सरळ बसले. कोटेशनमध्ये बोर्ड ए५२०. मी म्हटलं यावर ओव्हरक्लॉक होत नाही ना, तर म्हणाले, "कोण करतंय ओ ते इथं, चालतंय की." आणि प्रोसेसर ट्रेचा, म्हणजे बिगरडब्याचा, दोन हजारांनी स्वस्त, वॉरंटी "आम्ही आहोत की". दुकानाची वॉरंटी एक वर्षाची, तीही बिलावर लिहून द्यायला का-कू. डब्यातल्याला तीन वर्षं असते. त्यांना वाईट नाही म्हणत, त्यांच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाईकं टॅली आणि ऑनलाइन फॉर्म भरणारी, पण मला ते नको होतं. बी५५० बोर्ड, कॅबिनेट, रॅम, पॉवर सप्लाय मात्र त्यांनीच आठ दिवसात मागवून दिलं, जीएसटी बिलासकट.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुंबईहून आणलं. डोंबिवलीला मामेबहिणीचं लग्न रविवारी २४ नोव्हेंबरला, म्हणून आदल्या दिवशी लॅमिंग्टन रोड गाठला. रविवारी बरंचसं बंद असतं म्हणून शनिवार. नेमका तो विधानसभेच्या निकालाचा दिवस, प्रत्येक दुकानात सगळ्यांच्या माना टीव्हीकडे, मला भाव विचारायला तीनदा ओरडावं लागलं. ५६०० मिळाला ११,२०० ला, आरएक्स ६६०० मिळालं २०,५०० ला. डब्याच्या बाजूला एक छोटी खिडकी असते, त्यातून प्रोसेसरच्या टोपणावरचा नंबर दिसतो, तो डब्यावरच्या नंबराशी तिथंच उभं राहून ताडून बघा, सील बघा, आणि बिलावर तो नंबर लिहून घ्या. मी लिहून मागितला तेव्हा पोरगा कंटाळला पण लिहिला त्यानं. लग्न उरकून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं परत, डबा उशाखाली साडीत गुंडाळून. सोमवारी सकाळी सांगली स्टेशनवर उतरले तेव्हा मान आखडली होती.

१ डिसेंबर, रविवार, जोडणी. त्यावर जास्त लिहीत नाही, भरपूर व्हिडिओ आहेत, मला पाच तास लागले आणि त्यातला एक तास पुढच्या बटणाच्या बारीक वायरी कुठं खुपसायच्या यात गेला. पहिल्या बटणात चालू झाला. आईनं नारळ फोडला.

इथं मी एक काम बरोबर केलं. काही ढवळाढवळ करण्याआधी मोजमाप घेतलं. सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरला पूर्ण राबवून गुण देणारी टेस्ट दहा मिनिटं लावून १०,८५० आले, एचडब्ल्यूइन्फो या मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रोसेसरचं तापमान ८२, खोलीतल्या भिंतीवरच्या थर्मामीटरवर २३. आणि गेममध्ये एकच सेव्ह, तीच वेळ, तेच हवामान, तोच शहरातला रस्ता, सरासरी ५८ एफपीएस आणि सगळ्यात वाईट एक टक्का क्षणांत ३७. हे वहीत लिहिलं, खोलीच्या तापमानासकट. का कोण जाणे पेढीवर पोत्याचं वजन लिहिताना ओलावा लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं असेल, पण पुढे तोच आकडा सगळ्यात कामाला आला.

पंधरा दिवसांनी कळलं की रॅम ३२०० ची घेतलीय पण चालतेय २४०० वर. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी नावाचं एक सेटिंग चालू करावं लागतं, नाहीतर रॅम आपली सावकाश बैलगाडीच्या चालीनं. एक क्लिक, रिस्टार्ट, ५८ चे ६७ आणि ३७ चे ४४. पुढच्या चार महिन्यात मी जेवढी झटापट केली तेवढ्याने मिळून याच्या निम्मं पण मिळालं नाही. तुम्ही हे वाचून बाकी काही नाही केलं तरी आज घरी जाऊन टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा.

डिसेंबरच्या शेवटी हात शिवशिवायला लागले. मामेभाऊ व्हॅलोरंट खेळतो, त्यानं सांगितलं सगळ्या कोअरला सरळ ४.६ गिगाहर्ट्झ लाव. लावला, व्होल्टेज १.२५. स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, लाईट लागतायत, चित्र नाही. पोटात गोळा. मग बोर्डच्या पुस्तकात बघून कळलं, मागचं स्विच बंद करून वायर काढायची, क्लिअर सीमॉसच्या, म्हणजे सेटिंग पुसायच्या, दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं दहा सेकंद जोडायच्या, नाहीतर बोर्डवरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटं ठेवायचा. सगळं मूळ पदावर येतं. एकदा हे जमलं की निम्मी भीती जाते, मी तर म्हणते ओव्हरक्लॉक करायच्या आधी मुद्दाम एकदा करून बघा. फक्त एक्सएमपीही परत चालू करायला विसरू नका, मी विसरले होते आणि दोन दिवस "ओव्हरक्लॉक करून पीसी हळू झाला" म्हणत बसले.

दुसऱ्यांदा ४.५, व्होल्टेज १.३. विंडोज आलं, सिनेबेंच लावलं आणि दोन मिनिटात ९० अंश. या प्रोसेसरची मर्यादाच ९०, तिथं पोचला की स्वतःच वेग कमी करतो. याचं कारण समजून घ्या, वीज वेगाच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के वाढवलं तर नुसत्या त्यानेच एकवीस टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णताच. डब्यातला छोटा कूलर ६५ वॉटच्या मानानं ठीक आहे, त्याच्याकडून यापुढे अपेक्षा करणं म्हणजे लुनावर हळदीची पोती लादणं. आणि एक गोष्ट, काही न करता नुसतं बसल्यावर व्होल्टेज १.४५ दिसलं तर घाबरू नका, एकदोन कोअर क्षणभर वर उडी मारतात तेव्हा चिप स्वतः तेवढं घेते, करंट कमी असल्यानं चालतं. पण सगळ्या कोअरवर चोवीस तास आपण हातानं लावलेलं व्होल्टेज वेगळं, तिथं लोक १.३ च्या वर जाऊ नका सांगतात आणि मी गेले नाही.

टॉवर कूलर मागवला, डीपकूल एके४००, २,४०० रुपये. २६ जानेवारीला सुट्टी आणि रविवार एकत्र, म्हणून त्याच दिवशी बदलायला घेतला. आणि इथं ती गोष्ट घडली. जुन्या कूलरचे चार स्क्रू काढले, कूलर सरळ वर ओढला, तो जरा चिकटून बसला होता, अजून जोर लावला आणि कटकन आवाज येऊन कूलर हातात आला, खाली चिकटलेल्या प्रोसेसरसकट. सॉकेटची दांडी लावलेली होती तरी निघाला. एएम४ मध्ये, म्हणजे माझ्या प्रोसेसरच्या सॉकेटप्रकारात, पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, त्यातल्या एका कोपऱ्यातल्या सहा-सात आडव्या. मी खाली फरशीवर बसले आणि किती वेळ बसले आठवत नाही. वाकलेल्या पिना वॉरंटीत येत नाहीत, हे मला माहीत होतं.

हे कसं टाळायचं ते नंतर कळलं, अर्थात. कूलर काढायच्या आधी दहा मिनिटं सिनेबेंच चालवून प्रोसेसर तापवायचा, मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट मऊ होते, मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सैल करून कूलर हळूच डावीकडे-उजवीकडे पिळायचा, ओढायचा नाही. आणि बोर्ड आडवा ठेवायचा, कारण स्क्रू निघाले की मागची पट्टी गळून पडते आणि नवीन कूलरला तीच लागते.

रात्री मामेभावानं फोनवर सांगितलं की पेनपेन्सिलच्या रिकाम्या टोकानं किंवा जुन्या एटीएम कार्डनं सरळ करतात लोक. माझे हात थरथरत होते. सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रोसेसर त्याच्या प्लास्टिकच्या डबीत घालून पेठेतल्या घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "हे काय गं पोरी, हे घड्याळातलं नव्हं." म्हटलं नाही, पण पिना आहेत. म्हणाले, "पिनाच हायत की मग, बस." वीस मिनिटं चिमट्यानं एक-एक पिन ओळीत आणली, मधेच एका गिऱ्हाइकाला सेल घालून दिला, पन्नास रुपये घेतले. एक पिन तुटली असती तर काय, असं मी विचारलं, तर म्हणाले तुटली नाही ना. रात्री सॉकेटमध्ये ठेवला, दाब न देता आपोआप खाली बसला, म्हणजे सरळ झाल्या. बसत नसेल तर ढकलू नका, परत बघा. कूलरला लावून आलेली पेस्ट या गडबडीत पुसली गेली होती, नवीन पेस्ट ४५० आणि पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल १२० रुपये. चालू झाला तेव्हा मी देवासमोर साखर ठेवली, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत हातानं वेग लावायचा नाद सोडला आणि बायोसमधल्या पीबीओ या सेटिंगकडे वळले. यात आपण वेग ठरवत नाही, चिपला सांगतो की तुझी विजेची मर्यादा मी वाढवलीय, आता तू तुझं बघ. मूळ मर्यादा ७६ वॉट, मी ९५ केली, वरच्या वेगाला २०० मेगाहर्ट्झची सूट दिली. चालू करतानाच बायोस इशारा दाखवतो, यानं काही बिघडलं तर वॉरंटी नाही, तो वाचूनच पुढे जा. जोडीला कर्व्ह ऑप्टिमायझर, त्यात प्रत्येक कोअरला थोडं कमी व्होल्टेज देता येतं, उणे ३० पायऱ्यांपर्यंत. कमी व्होल्टेज म्हणजे कमी उष्णता, आणि वाचलेल्या जागेत तो स्वतःच वर पळतो. मला हा प्रकार फार आवडला, ताणण्यापेक्षा काटकसर करून वेग मिळवायचा, अगदी पेढीवरच्यासारखं.

सगळ्या कोअरना उणे २० लावलं. सिनेबेंच ११,६४०, तापमान ७४, खोली २४. एकेका कोअरवर वेग ४.६५ दिसायला लागला. ओसीसीटी ही ताणाची टेस्ट एक तास पास. मी खूश, व्हॉट्सॲपला फोटो.

तिसऱ्या रात्री पीसी नुसता चालू होता, गाणी लावून मी पोळ्या लाटत होते आणि आपोआप रिस्टार्ट. दुसऱ्या दिवशी परत. गेममध्ये एकदाही नाही, टेस्टमध्ये नाही, फक्त रिकामा असताना. पहिला संशय लाईटवर, कारण आमचा जुना इन्व्हर्टर लाईट गेल्यावर असा झटका देतो की पीसी बसतोच. पण त्या वेळी लाईट होती. शेवटी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला तर तिथं डब्ल्यूएचईए लॉगर, इव्हेंट १८, म्हणजे हार्डवेअरची चूक, लाल खुणेसकट. कारण असं की सगळे कोअर कामाला लागले की वेग खाली असतो, व्होल्टेज पुरतं. पण पीसी निवांत असताना एखादाच कोअर क्षणभर सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतो आणि तिथं कमी केलेलं व्होल्टेज पुरत नाही. जड टेस्ट पास झाली म्हणजे झालं, असं नसतं. त्यातही जे दोन कोअर सगळ्यात चांगले म्हणून चिपनं स्वतः निवडलेले असतात तेच आधी कोसळतात, कारण त्यांचं व्होल्टेज आधीच काटेकोर असतं आणि सगळ्यात वर तेच पळतात.

मग कोअरसायकलर नावाचं साधन, एकेक कोअर सुटा तपासतं. रोज रात्री लावून झोपायचं, सकाळी वहीत लिहायचं, एखादा कोअर चुकला की त्याचे दोन-तीन आकडे कमी करायचे. एकदा पाच तास झाल्यावर लाईट गेली, परत पहिल्यापासून. सतरा दिवस लागले. शेवटी चांगले दोन कोअर उणे ८ आणि उणे १०, बाकीचे चार उणे २२. त्यानंतर आजपर्यंत तसला रिस्टार्ट नाही. आईला वाटायचं मी रात्रभर काहीतरी डाउनलोड करतेय, वीजबिलाबद्दल एकदा टोमणा आला.

इथं थांबायला हवं होतं. पण कुठंतरी वाचलं की रायझनला ३६०० ची रॅम गोड लागते, म्हणून ३२०० ची रॅम मार्चच्या पहिल्या आठवड्यात ३६०० वर नेली, व्होल्टेज १.४. टेस्टमेम५ ही रॅमची टेस्ट रात्री दोन तास, एकही चूक नाही. गेममध्ये ७१ आणि ४८. मज्जा.

मार्च म्हणजे यार्डात नवीन हळदीची आवक, त्यात आर्थिक वर्षाचा शेवट. २९ तारखेला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, पेढीची वर्षाची फाईल पेनड्राइव्हवर घरी आणली, रात्री बसून ताळा करायचा होता. दुपारपासून गेम चालू होता, खोलीत ३७ अंश. फाईल कॉपी केली, झिप केली, पेनड्राइव्हवर परत टाकली. सोमवारी ऑफिसात ती झिप उघडेना. खराब. मूळ फाईल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होती म्हणून फक्त एका रात्रीचं काम गेलं, सेठना काही बोलले नाही, परत बसून केलं. घरी येऊन दुपारच्या उन्हात टेस्टमेम५ लावलं तर चाळीस मिनिटात चार चुका. रात्री गार खोलीत लावलं तर शून्य. ताणलेल्या रॅमला उष्णता फारशी सोसत नाही, आणि तिची चूक दर वेळी निळा पडदा दाखवून येत नाही, कधी गुपचूप एखादा आकडा बदलून जाते. हिशोबाच्या माणसाला याच्याइतकी भीती कशाची वाटणार. त्याच रात्री रॅम परत ३२०० वर आणि मूळ व्होल्टेजवर. ज्या पीसीवर प्रयोग चालू आहेत त्यावर पोटापाण्याचं काम करू नका, आणि टेस्ट थंड रात्री करून समाधान मानू नका. दुपारी तीन वाजता, खोलीतला पंखा बंद करून करा.

मग प्रोसेसर पण दुपारी तपासला. फेब्रुवारीत ७४ वाला आता ८७-८८. वही काढून बघितलं तर सोपं होतं, खोलीपेक्षा पन्नास अंश वर, तेव्हाही आणि आत्ताही. कूलर काही खोलीपेक्षा गार करू शकत नाही. व्हिडिओवाले एसीत बसून ७० दाखवतात त्यात माझ्या गावभागातल्या पत्र्याखालच्या खोलीचा हिशोब नसतो. मग बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह केले. थंडीचा ९५ वॉटचा, वर लिहिलाय तोच. उन्हाळ्याचा मूळ ७६ वॉटचा, वेगाची जादा सूट काढलेली, तापमानाची मर्यादा ८५ वर आणलेली, फक्त कर्व्ह ऑप्टिमायझर तसाच ठेवलेला. २० एप्रिलला दुपारी मोजलं, खोली ३७, सिनेबेंचमध्ये ७७, गेममध्ये ६८ आणि ४५. थंडीच्या प्रोफाइलमध्ये ७० आणि ४६ होते. म्हणजे त्या एकोणीस जादा वॉटांचे मला मिळत होते दोन एफपीएस, आणि पंख्याचा आवाज फुकट.

खर्च विचारतील म्हणून, प्रोसेसर ११,२००, बी५५० बोर्ड ९,४००, रॅम १६ जीबी ३,६००, कार्ड २०,५००, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय ४,३००, एक टीबी एसएसडी ५,४००, कॅबिनेट ३,६००, म्हणजे ५८,०००. नंतर कूलर, पेस्ट, अल्कोहोल आणि घड्याळवाले काका मिळून ३,०२०. मुंबईचं तिकीट लग्नाच्या खात्यात.

दोन्ही प्रोफाइलचे आकडे एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलेत, कारण बायोस अपडेट केलं की सेव्ह केलेले प्रोफाइल उडू शकतात. कॅबिनेटच्या मागे, जिथनं गरम हवा बाहेर येते तिथं, आईनं परवापासून कुरडयांचं ताट ठेवायला सुरुवात केलीय. काल विचारत होती, "ती बस आज जरा लवकर लावतीस का?"